मुलेंगाची साक्ष

सरस वितळून पातळ झाला होता आणि मुलं अजून आली नव्हती.

शनिवारची दुपार होती. चर्चच्या मागे एक लांबट खोली होती, तिथे आमचा सुतारकामाचा वर्ग भरायचा. मी एकटीच स्टोव्हपाशी बसून डब्यातला सरस काडीनं ढवळत होते. एक अर्धवट बाक भिंतीला टेकून उभा होता. मुलेंगानं त्याच्या फळीला आदल्या दिवशी रंधा मारून ठेवला होता, आज पाय बसवायचे होते. मुलं उशीर करायची, पण सगळीच्या सगळी गैरहजर असं कधी झालं नव्हतं.

मग तो आवाज आला. गडगडाटासारखा, पण जमिनीतून आलेला. मला वाटलं, खाणीत सुरुंग उडवला असेल. लगेच आठवलं, इथली खाण बंद होऊन कितीतरी वर्षं झाली आहेत. बाहेर येऊन पाहिलं तर घरांच्या पत्र्यांमागे करड्या धुळीचा लोट वर चढत होता. पाळकसाहेब सिकाझ्वे त्यांच्या घराच्या पायरीवर उभे होते. शर्टाची बटणं लावता लावता त्यांचे हात तसेच थांबले होते.

"ढीग सरकला," ते म्हणाले.

झांबियाच्या उत्तरेकडच्या त्या गावात 'ढीग' म्हटलं की दुसरं काही विचारावं लागत नसे. गाव तांब्याच्या खाणीभोवती वाढलेलं. भट्टीतून निघालेला टाकाऊ दगड आणि राख वर्षानुवर्षं एकाच जागी टाकत गेले, त्याचा काळा डोंगर झाला होता. त्यावर गवताचं पातंही उगवत नव्हतं. पण त्या टाकाऊ दगडात अजून थोडं तांबं होतं. खाण बंद पडल्यावर गावातल्या तरुणांनी ढिगाच्या कुशीत बिळं खणायला सुरुवात केली. आत सरपटत जायचं, दगड फोडायचा, पोत्यात भरून बाहेर आणायचा, आणि कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या ट्रकवाल्याला विकायचा. कायद्यानं ती चोरी होती. पोलीस मारायचे, पहारेकरी कुत्री सोडायचे. अधूनमधून ढीग सरकायचा आणि आत असतील त्यांना घेऊन खाली बसायचा.

मी सुनीती हिवाळे, जालन्याची. पुण्यात धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि सत्ताविसाव्या वर्षी आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनी मिळून चालवलेल्या एका मिशननं मला त्या गावी पाठवलं, तरुणांमध्ये काम करायला. आजवर परदेशातून लोक आपल्याकडे येत, आता आपलं माणूस परदेशात चाललंय, याचं जालन्याच्या मंडळीला फार अप्रूप होतं. तिथं पोचल्यावर पहिली दोन वर्षं मी जवळजवळ रिकाम्या खुर्च्यांपुढे गाणी म्हटली. मुलं फुटबॉल खेळायला यायची, चेंडू परत ठेवायची आणि प्रार्थना सुरू व्हायच्या आत निघून जायची. ती कुठे जातात हे मला कळलं तेव्हा मी ठरवलं, ह्यांना ढिगातून बाहेर काढायचं. बाकी काही जमलं नाही तरी चालेल. मिशनला लिहून सुताराची हत्यारं मागवली आणि वर्ग सुरू केला.

त्या वर्गात टिकलेला पहिला मुलगा मुलेंगा. वीसेक वर्षांचा, उंच, हळू बोलणारा, हसताना तोंडावर हात धरणारा. त्याचं नाव माझ्या तोंडात सुरुवातीला 'मुलगा' असंच यायचं, आणि मी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा तो खूप वेळ हसला होता. बेंबा भाषा मला त्यानंच शिकवली. माझं काही चुकलं तर तो 'चुकलं' कधी म्हणायचा नाही. तेच वाक्य बरोबर करून, सहज बोलल्यासारखं हळूच परत म्हणायचा. त्याची चूक सुधारण्याची पद्धत एवढीच.

त्या वर्षीच्या ईस्टरला मी उपासनेत तरुणांना म्हटलं होतं, ज्यांनी ढीग कायमचा सोडला आहे त्यांनी उभं राहून साक्ष द्यावी. मुलेंगा उठला. म्हणाला, आता माझे हात लाकडाला लागले आहेत, मी परत आत जाणार नाही. त्याच्यामागून त्याचा मित्र कपेम्ब्वा उठला, आणि मग एकेक करत वर्गातली सगळीच मुलं. मी रडले. मिशनचे सचिव तोरणे साहेब यांनी ती हकीकत आमच्या मासिकात छापली. जालन्याचं महिला मंडळ दर बुधवारी मुलेंगाचं नाव घेऊन प्रार्थना करू लागलं.

म्हणून त्या शनिवारी पाळकसाहेबांबरोबर ढिगाकडे पळताना माझ्या मनात भीती होती, पण ती दुसऱ्यांच्या मुलांसाठी होती. माझी मुलं आत नाहीत याची मला खात्री होती.

ढिगाच्या पायथ्याशी निम्मं गाव लोटलं होतं. पुरुष पत्र्याच्या तुकड्यांनी, घमेल्यांनी, नुसत्या हातांनी राख उपसत होते. बायका एका बाजूला उभ्या राहून 'मायो, मायो' म्हणत आक्रोश करत होत्या. मायो म्हणजे आई. मानानं कुठल्याही बाईला तिकडे मायो म्हणतात, आणि रडायलाही तोच शब्द. गर्दीतून कपेम्ब्वा आमच्याकडे आला. हा आमच्या गाण्यांना ढोल वाजवणारा, सगळ्यांची थट्टा करणारा मुलगा. केसांपासून पायांपर्यंत करडा झाला होता. मी त्याला विचारलं, मुलेंगा कुठे आहे. त्यानं आधी पाळकसाहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ढीग सरकला तेव्हा माणसं आत अडकली," तो म्हणाला. "मुलेंगा त्यांना काढायला गेला. मग तो पुन्हा सरकला."

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. मी तिथंच खाली बसले. मला एवढंच आठवतं की माझ्या हाताला अजून सरस चिकटलेला होता आणि त्यावर राख बसत होती.

ऊन उतरायच्या आत चौघांना बाहेर काढलं. त्यात मुलेंगा होता.

त्याची आई गावाच्या जुन्या खाणकामगारांच्या चाळीत एका खोलीत राहायची. तिकडे आईला तिच्या मुलाच्या नावानं ओळखतात, म्हणून तिला सगळे बाना मुलेंगा म्हणत, मुलेंगाची आई. नवरा खाणीच्या धुळीनं छाती भरून गेलेला. तिला स्वतःला साखरेचा आजार होता, पाय सुजलेले असायचे, भिंत धरून चालायची. मयत झालेल्या घरी बायका आत जमिनीवर बसतात आणि पुरुष बाहेर शेकोटीभोवती. मी आत, तिच्यापासून हातभर अंतरावर बसले. लोक येत होते, रडत होते, जात होते. ती रडत नव्हती. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, दुःखानं तिला काही दिसतच नसेल.

त्या मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी, पूर्वीच एक नियम केलेला होता. ढिगात मेलेल्यांची पेटी चर्चमध्ये आणायची नाही, कारण ते चोरी करताना मेले. बाकीच्या तिघांना त्यांच्या घरांतून परस्पर दफनभूमीत नेलं. मुलेंगाच्या बाबतीत मात्र वडील मंडळी बसली, त्यांनी कपेम्ब्वाला बोलावून विचारलं, पाळकसाहेबांना विचारलं, आणि ठरवलं की हा मुलगा चोरी करायला नाही, जीव वाचवायला आत गेला होता. त्याची पेटी चर्चमध्ये आली. तिच्यावर आमच्या वर्गातल्या मुलांनी पांढरं कापड घातलं आणि चार आवाजांत गायलं. मुलेंगाचा खालचा आवाज नव्हता, ती जागा त्यांनी रिकामीच ठेवली.

संदेश द्यायला पाळकसाहेबांनी मला सांगितलं. मी मित्रांसाठी जीव देणाऱ्याच्या प्रीतीबद्दलचं बायबलमधलं वचन घेतलं. मी आयुष्यात इतकं चांगलं कधी बोलले नव्हते. शब्द शोधावे लागले नाहीत, बेंबासुद्धा अडखळली नाही. मी म्हटलं, ह्या मुलाला देवानं ढिगातून बाहेर आणलं होतं, आणि तो स्वतःच्या पायानं परत आत गेला, कारण आत त्याचे भाऊ होते. मागच्या बाकांवरचे, कधी चर्चमध्ये न येणारे पुरुष तोंड झाकून रडत होते.

पुढच्या शनिवारी वर्गात बसायला जागा नव्हती. त्याच्या पुढच्या शनिवारी मुलं खिडक्यांत बसली. ज्या कामासाठी मी आले होते ते काम शेवटी उभं राहिलं होतं, आणि ते मुलेंगाच्या मरणानं राहिलं होतं, हे मला सहन होत नव्हतं. पण त्याला काहीतरी अर्थ होता, आणि मी त्या अर्थाला धरून होते. तोरणे साहेबांना मी सगळं कळवलं. त्यांनी महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत ती हकीकत वाचून दाखवली. लोकांनी हात सैल सोडून दिलं आणि चर्चच्या मागची खोली पाडून तिथं नवी इमारत उभी राहिली. तिला मुलेंगाचं नाव द्यायचं आणि दारावर पितळेची पाटी लावायची असं ठरलं. समर्पणासाठी, म्हणजे इमारतीच्या उद्घाटनाच्या उपासनेसाठी, तोरणे साहेब स्वतः आले. पाटी ते भारतातून घडवून घेऊन आले होते.

समर्पणाच्या आधी दोनतीन दिवस कपेम्ब्वा मला बोलवायला आला. म्हणाला, बाना मुलेंगानं बोलावलंय. मी विचारलं, तब्येत बिघडली का. तो म्हणाला, नाही. रस्ताभर तो माझ्या पुढे चालत राहिला. एरवी तो बरोबरीनं चालायचा, बडबडायचा.

ती खोलीच्या दाराशी, उजेडात बसून शेंगा सोलत होती. तिनं मला आतल्या स्टुलावर बसायला सांगितलं. कपेम्ब्वा उंबऱ्याजवळ जमिनीवर बसला.

"कपेम्ब्वा, सांग," ती म्हणाली.

त्यानं पुढ्यातली एक शेंग उचलली आणि न फोडताच परत ठेवली.

"मी सांगितलं तर ह्या म्हणतील, म्हातारी दुःखानं वेडी झालीय. तू सांग."

"सिस्टर," तो म्हणाला, "ढीग एकदाच सरकला."

मी त्या दुपारी आवाज एकच ऐकला होता. पण दुसरा आवाज कुठे गेला असं मला इतक्या दिवसांत एकदाही वाटलं नव्हतं.

"मुलेंगा कोणाला काढायला गेला नव्हता," कपेम्ब्वा म्हणाला. "तो सकाळपासून आतच होता. आम्ही सगळेच आत होतो. मी पाणी प्यायला बाहेर आलो होतो, बाकीचे तोंडाशी होते, म्हणून वाचलो."

मी विचारलं, परत कधीपासून जायला लागलात.

"आम्ही कधी सोडलंच नव्हतं."

मग तो सांगत गेला, आणि सांगताना त्याचा आवाज सपाट होत गेला. पहाटे उजाडलं की ते ढिगावर जायचे. दुपारपर्यंत खणायचे, ओढ्यावर अंग धुवायचे आणि माझ्याकडे वर्गाला यायचे. आम्ही बनवलेले बाक गावात कोण विकत घेणार होतं? कोणाकडे काही होतंच कुठे? माझ्या लक्षात आलं की चर्च, शाळा आणि दवाखाना यांना मी दिलेले बाक सोडले तर आमचा एकही बाक कधी विकला गेला नव्हता. त्यावर मी मनाशी म्हणत आले होते, हळूहळू जम बसेल.

"पण ईस्टरला तुम्ही उभे राहिलात," मी म्हटलं. "मी कोणावर जबरदस्ती केली नव्हती."

"नाही केली."

"मग?"

त्यानं बाना मुलेंगाकडे पाहिलं. ती शेंगा सोलत राहिली.

"तुम्ही विचारलंत आणि कोणीच उठलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही हात वर करून उभ्या होतात, आम्हाला बोलवायला. खूप वेळ. तुमचा हात थरथरायला लागला. मुलेंगा माझ्या कानात म्हणाला, त्यांचा हात दुखत असेल. आणि तो उठला. तो उठल्यावर आम्ही काय बसून राहणार होतो?"

मी म्हटलं, निदान नंतर सांगायचं होतं. त्यावर तो म्हणाला, नंतर तुम्ही फार खूश होतात. आमच्यासाठी तुम्ही ते रव्याचं गोड केलं होतं. मुलेंगा म्हणायचा, ही बाई इतक्या लांबून आलीय, हिच्याकडे घरी सांगण्यासारखं काहीतरी असू दे.

"आणि त्या दिवशी ढिगापाशी?"

"तुमच्या शेजारी पाळकसाहेब होते. खरं सांगितलं असतं तर त्याला चर्चमध्ये घेतलं नसतं. आणि तुम्ही…"

बाना मुलेंगानं मांडीवरची टरफलं झटकली. तिनं पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं.

"त्या पाटीवर काय लिहिलंय, मायो?"

मी सांगितलं. मुलेंगानं आपल्या मित्रांसाठी प्राण दिला, असं लिहिलंय.

"मित्र तिथंच होते," ती म्हणाली. "त्याच्या शेजारी खणत होते. त्यांच्यासाठी त्याला जायची काय गरज? तो माझ्या औषधासाठी जायचा. पिठासाठी जायचा. मी रोज पहाटे त्याला म्हणायचे, जाऊ नको. आणि रोज संध्याकाळी त्यानं आणलेलं खायचे. तो माझ्यासाठी मेला. तुम्ही चर्चमध्ये उभ्या राहिलात आणि ते मित्रांना देऊन टाकलंत. सगळं गाव रडलं. मी तिथं बसून ऐकत होते की माझा मुलगा दुसऱ्या कोणासाठी मेला. माझ्याजवळ आता काही उरलेलं नाही. तेवढं माझं मला राहू द्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं. मी विचारलं, मी आता काय करू. ती म्हणाली, तुम्ही काय करायचं ते मला माहीत नाही, तुम्हाला कळलं पाहिजे एवढंच मला हवं होतं. आणि तिनं सोललेल्या शेंगदाण्यांतले मूठभर माझ्या हातात दिले, पाहुण्याला देतात तसे.

तिथून मी थेट पाळकसाहेबांकडे गेले. ते व्हरांड्यात सायकलचं चाक काढून बसले होते. माझं अर्धं सांगून झालं तोवरच मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की ह्यात त्यांना नवीन काही नाही. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"गावात सगळ्यांनाच माहीत आहे," ते म्हणाले.

"वडील मंडळींना?"

"त्यांनाही. पण नियम त्यांनीच केलेला. तो मोडायला त्यांना काहीतरी कारण हवं होतं. कपेम्ब्वानं दिलं." ते चाकाकडे बघत राहिले. "चौघांना आत घेता आलं नसतं, सिस्टर. एकाला घेता आलं. तुम्ही मनापासून बोललात म्हणून ते झालं. तुम्हाला माहीत असतं तर तुम्हाला तसं बोलता आलं नसतं."

सगळ्या गावात एक मीच होते जिनं विश्वास ठेवला होता. त्यांना माझा उपयोग तेवढाच होता, आणि तो त्यांनी करून घेतला होता, तोही प्रेमानं. चार वर्षं मी त्यांना वाचवायला म्हणून तिथं राहिले होते, आणि ती मुलं ढिगातून थकून येऊन, अंग धुऊन, माझं मन राखायला दुपारभर रंधा मारत होती. त्या दिवशी मी प्रार्थनेला बसले आणि मला कळेना, कुठलं वाक्य माझं आहे.

तोरणे साहेबांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. चष्मा काढून खूप वेळ डोळे चोळत बसले. मग म्हणाले, "सुनीतीबाई, हे आता कोणाला सांगणार? सांगितलंत तर तो मुलगा चोर ठरेल. उरलेल्या तीन घरांतले लोक विचारतील, मग आमच्या पोरांनी काय पाप केलं होतं? ही जिवंत मुलं खोटी साक्ष दिली म्हणून मंडळीतून जातील. यातलं काय हवंय तुम्हाला?"

मला त्यातलं काहीच नको होतं. मी म्हटलं, पाटी बदला. ते म्हणाले, पाटी बसवून झालीय. मग त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. मी डोळे उघडे ठेवून त्यांच्या चपलांकडे पाहत होते.

रविवारी समर्पण झालं. नव्या दारावर पांढरं कापड टांगलं होतं. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या आणि पहिल्या रांगेत बाना मुलेंगाला बसवलं होतं, नवी छापील लुंगी कमरेला गुंडाळून. तोरणे साहेबांनी इंग्रजीतून संदेश दिला, पाळकसाहेब बेंबात सांगत गेले. शेवटी साहेब म्हणाले, मुलेंगाच्या मरणानंतर ज्या तरुणांनी ढीग सोडला आहे त्यांनी उभं राहावं.

क्षणभरही गेला नाही. कपेम्ब्वा उठला. त्याच्यामागे सगळे उठले, खिडक्यांत बसणारे, दाराशी थांबणारे, नवे, जुने. ते साहेबांकडे पाहत नव्हते, सगळे माझ्याकडे पाहत होते. आजारी माणसाला बरं वाटतंय का हे बघावं, तसं. मी मान डोलावली. मग ते बसले.

पडदा काढायला बाना मुलेंगाला पुढे बोलावलं. कपेम्ब्वानं तिला हाताला धरून पायरी चढवली. तिनं दोरी ओढली, कापड खाली पडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पितळ नवं होतं, उन्हात डोळ्यांवर येत होतं. तिला वाचता येत नव्हतं. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं मला विचारलं, "मायो, काय लिहिलंय?"

काय लिहिलंय ते तिला माहीत होतं. मीच तिला सांगितलं होतं.

पाळकसाहेब खाली पाहू लागले. तोरणे साहेबांना बेंबा येत नव्हती, ते हसून माझ्याकडे बघत होते. मी पाटीजवळ गेले. इंग्रजी अक्षरांवर नजर ठेवून मी बेंबात वाचलं, "मुलेंगा. बाना मुलेंगाचा मुलगा. हा आपल्या आईसाठी मेला."

अंगणात इंग्रजी वाचता येणारी पुष्कळ माणसं होती. कोणी काही बोललं नाही. बाना मुलेंगानं पाटीवर बोट टेकवलं आणि ओळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत हळूहळू फिरवत नेलं. मग दुसऱ्या ओळीवरून. मग तिसऱ्या.

"एवढ्यासाठी इतकी अक्षरं?"

कपेम्ब्वा म्हणाला, "इंग्रजीत तेवढी लागतात, मायो."

तिनं मान डोलावली आणि पायरी उतरायला हात पुढे केला.

जेवणं सुरू झाली तेव्हा ती उठली. तिला घरी सोडायला मी बरोबर गेले. तिच्या सुजलेल्या पायांच्या चालीनं आम्ही फार सावकाश चाललो होतो. मागून गाण्याचा आवाज येत होता, तो हळूहळू कमी होत गेला. खोलीच्या दाराशी पोचल्यावर ती भिंतीला टेकून दम खात उभी राहिली.

"चांगलं वाचलंत," ती म्हणाली. "आता तुम्हाला आमच्यासारखं खोटं बोलता येतं. आमच्यातल्या झालात."

मी तिचा हात धरून उभी होते. तिनं तो सोडवून घेतला आणि माझ्या गालावरून एकदा फिरवला.

"तुमची आई आहे का, मायो?"

मी म्हटलं, आहे.

"मग घरी जा आता," ती म्हणाली.